तुमचे प्रश्न: स्वित्झर्लंडमध्ये खायचं काय, कुठे आणि किती वाजता?

सुट्टीचे दिवस जवळ आले की स्वित्झर्लंडला जाणाऱ्यांची पत्रं यायला लागतात, आणि त्यात रेल्वे पास, हॉटेल, बर्फ यापेक्षा जेवणाचेच प्रश्न जास्त असतात. बरोबरच आहे, दहा दिवस पोट नीट नसेल तर डोंगर कितीही सुंदर असले तरी चिडचिड होते. म्हणून या वेळचं सदर पूर्ण जेवणावरच.

ताई, माझे सासू-सासरे पहिल्यांदाच परदेशात येतायत. दोघंही पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. झुरिक, लुझर्न आणि इंटरलाकेन असा प्लॅन आहे. त्यांना रोज ब्रेड-बटरवर राहावं लागेल का?

अजिबात नाही. उलट झुरिकमध्ये उतरताय तर पहिलं जेवण हिल्टलमध्येच करा. १८९८ पासून चालू असलेलं हे शाकाहारी रेस्टॉरंट आहे, गिनीजने जगातलं सगळ्यात जुनं म्हणून त्याची नोंद केलीय, आणि मुख्य स्टेशनपासून चालत जाता येतं. तिथे मोठा बुफे असतो, प्लेट भरायची, वजन करायचं, तेवढेच पैसे द्यायचे. त्यात भारतीय पदार्थही असतात आणि हे काही आत्ताचं नाही, १९५१ मध्ये या घराण्यातल्या मार्ग्रिट हिल्टल दिल्लीच्या जागतिक शाकाहारी परिषदेला गेल्या होत्या आणि तिथून भारतीय स्वयंपाक शिकून आल्या, तेव्हापासूनची परंपरा आहे. सासूबाईंना हे जरूर सांगा, त्यांना आवडेल. टिबिट्स नावाची अजून एक शाकाहारी साखळी आहे, तीही वजनावर, लुझर्नलाही आहे. दोन्हीकडे पदार्थाच्या पाटीवर काय आहे ते लिहिलेलं असतं, तरी अंड्याचं एकदा विचारून घ्याच, कारण शाकाहारी म्हणजे अंडं चालतं असंच तिकडे धरतात.

आता नेहमीच्या रेस्टॉरंटमध्ये काय मागवायचं. रोश्टी म्हणजे किसलेल्या बटाट्याचा लोण्यात परतलेला जाडसर कुरकुरीत थर, हा सगळ्यात सेफ पदार्थ, पण त्यात बऱ्याचदा श्पेक म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, कधीकधी ती चरबीतही परततात, त्यामुळे "श्पेक नको, लोण्यातच करा" हे आधी सांगायचं. एल्प्लरमाग्रोनन हा डोंगराळ भागातला पदार्थ: मॅकरोनी, बटाटा, चीज, क्रीम, वरून तळलेला कांदा आणि सोबत वाटीत सफरचंदाची गोडसर चटणी. ऐकायला विचित्र वाटतं पण गोड आणि खारट एकत्र खाऊन बघा, आपल्या माणसांना बहुतेक आवडतंच. इथेही श्पेक विचारायचा, आणि मॅकरोनीत अंडं आहे का तेही, कारण स्विस मॅकरोनी बरेचदा अंड्याची असते. श्पेट्झली नावाचा जो नूडल्ससारखा प्रकार दिसतो त्यात अंडं असतंच, तो सोडा. रविवारी हॉटेलच्या ब्रेकफास्टला वेणीसारखा चकाकणारा ब्रेड ठेवतात, त्याचं नाव त्सोप्फ, त्याला वरून अंड्याचा हात दिलेला असतो. सूप साधं भाजीचं दिसलं तरी पाणी हाडांच्या स्टॉकचं असू शकतं, म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नका.

आणि एक गोष्ट जी टूरवाले सांगत नाहीत, ती मला सांगायलाच हवी. स्वित्झर्लंडचं पारंपरिक चीज वासराच्या पोटातल्या रेनेट नावाच्या रसाने दूध विरजून करतात. ग्रुयेर नावाचं चीज तर तसंच करतात, आणि फाँड्यूत, म्हणजे वितळलेल्या चीजमध्ये ब्रेड बुडवून खायच्या पदार्थात, मुख्य चीज ग्रुयेरच असतं. तुम्हाला चालत असेल तर प्रश्न नाही, पण सासू-सासऱ्यांना न सांगता खायला घालू नका, नंतर कळलं तर वाईट वाटेल. त्यांना चालत नसेल तर सुपरमार्केटमध्ये पाकिटावर हिरव्या-पिवळ्या रंगात व्ही हे अक्षर असलेलं लेबल शोधा, ते असलेलं चीज शाकाहारी. मात्र हे लेबल दोन प्रकारचं येतं, साधं शाकाहारी आणि व्हीगन, साध्यात अंडं असू शकतं, व्हीगन असेल तर अंडं-दूध काहीच नसतं.

ही वाक्यं फोनमध्ये लिहूनच ठेवा: "मांस, मासे, अंडं आणि मांसाचा स्टॉक नको", जर्मनमध्ये आणि फ्रेंचमध्येही. बोलून दाखवण्यापेक्षा स्क्रीन वेटरसमोर धरली की तो थेट किचनमध्ये जाऊन विचारून येतो.

आम्ही नॉनव्हेज खातो पण बीफ आणि पोर्क नाही. मेन्यू कार्ड जर्मनमध्ये असेल तर ओळखायचं कसं?

थोडे शब्द पाठ केले की झालं. जर्मन भागात रिंड म्हणजे बीफ, काल्ब म्हणजे वासरू, श्वाइन म्हणजे पोर्क, शिंकन हॅम, श्पेक बेकन, लाम म्हणजे लँब आणि पूले म्हणजे चिकन. जिनिव्हा, लोझानकडे फ्रेंच चालतं, तिथे बफ म्हणजे बीफ, व्हो म्हणजे वासरू, पोर म्हणजे पोर्क, जांबों हॅम आणि लार्दों म्हणजे बेकनचे तुकडे, हे लार्दों सॅलडमध्येसुद्धा टाकलेले असतात. दक्षिणेला टिचिनोत इटालियन, तिथे मान्झो बीफ आणि मायाले पोर्क.

झुरिकचा जो फेमस पदार्थ आहे, मश्रूम आणि क्रीममधले मांसाचे पातळ काप आणि सोबत रोश्टी, तो वासराच्या मांसाचा असतो. ग्राउब्युंडनचं वाळवलेलं मांस बीफचं. जाता-येता स्टॉलवर दिसणारे सॉसेज बहुतेक वासरू, बीफ, पोर्क यांचं मिश्रण, त्यामुळे तुमच्यासाठी ते नाहीच. तुमच्यासाठी तळ्यातले मासे उत्तम. जिनिव्हाच्या तळ्याकाठी पर्च माशाचे छोटे फिले लोण्यात परतून लिंबू आणि बटाट्याच्या फ्राइजबरोबर देतात, पोटभर आणि चविष्ट. मांस आणि मासा कुठल्या देशातून आलाय हे रेस्टॉरंटला कायद्याने सांगावंच लागतं, मेन्यूच्या शेवटी बारीक अक्षरात असतं, तळ्यातलाच मासा हवा असेल तर ते वाचा.

फाँड्यू खायचंच असं मुलांनी ठरवलंय. पण त्यात वाईन असते असं ऐकलं, खरं का? आणि ते खायची काही पद्धत असते का?

खरं आहे. नेहमीच्या फाँड्यूत पांढरी वाईन असते आणि बऱ्याचदा वरून किर्श म्हणजे चेरीची दारूही घालतात. उकळल्यावर सगळं अल्कोहोल उडून जातं असं लोक सांगतात, तसं नाही, थोडं राहतंच. मुलांसाठी हवं असेल तर बुक करतानाच "अल्कोहोलशिवाय मिळेल का" विचारा, बरीच रेस्टॉरंटं करून देतात पण ऐनवेळी नाही. फाँड्यू बहुतेक ठिकाणी किमान दोघांसाठी असतं, माणशी साधारण २५ ते ३५ फ्रँक धरा. चौघं असाल तर तिघांचं फाँड्यू आणि एक सॅलड पुरतं का ते विचारून बघा, काही ठिकाणी हो म्हणतात, काही ठिकाणी नाही.

आता पद्धत. मातीचं किंवा बिडाचं जाड भांडं बर्नरवर ठेवून टेबलावर येतं, आतून लसूण चोळलेला असतो. फ्रिबूर्गकडचं जे मोआतिए-मोआतिए म्हणतात ते अर्धं ग्रुयेर आणि अर्धं व्हाशरां चीज, माझ्या मते पहिल्यांदा खाणाऱ्याने हेच घ्यावं, चव सौम्य असते. ब्रेडचा तुकडा काट्यावर असा टोचायचा की काटा आधी मऊ भागातून जाऊन कडक सालीत अडकला पाहिजे, नाहीतर तुकडा भांड्यात पडतो. मग काटा तळापर्यंत नेऊन इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा, कारण प्रत्येकाने ढवळत राहिलं तरच चीज एकजीव राहतं आणि खाली करपत नाही. काटा थेट तोंडात घालायचा नाही, तो पुन्हा सगळ्यांच्या भांड्यात जाणार असतो, दातांनी किंवा प्लेटमध्ये तुकडा सोडवून घ्यायचा. शेवटी तळाला खमंग तांबूस खरवड राहते, ती उलथन्याने काढून सगळ्यांनी वाटून खायची, आणि मुलांचं भांडण तिच्यावरूनच होणार हे धरून चाला! सोबत स्विस लोक पांढरी वाईन किंवा गरम काळा चहा घेतात, गार पाणी प्यायलं तर चीजचा पोटात गोळा होतो असं ते मानतात. चहा घ्या, जड जेवणावर तो बराही वाटतो.

फाँड्यू सगळ्या देशाचा पदार्थ झालं ते तसं अलीकडे, १९३० च्या दशकात तिथल्या चीज युनियनने त्याचा जोरदार प्रचार केला तेव्हा. त्याआधी ते पश्चिमेकडच्या फ्रेंच भागातलं खाणं होतं. घरोघरी ते थंडीतच करतात, जुलैच्या उन्हात बाहेर बसून फाँड्यू खाणारे बहुतेक पर्यटकच असतात, त्यामुळे उन्हाळ्यात जात असाल तर डोंगरावर, थोड्या गार जागी खा.

आणि फाँड्यू जड वाटत असेल तर राक्लेट. व्हाले भागातली ही पद्धत, अर्धं चाक चीज आचेसमोर धरतात, वितळलेला थर थेट तुमच्या प्लेटमध्ये खरवडतात, सोबत सालीसकट उकडलेले छोटे बटाटे, आंबट काकडी आणि कांद्याचं लोणचं. चीजमध्ये वाईन नसते, मुलांसाठी हे जास्त सोपं.

बजेट फार टाइट आहे. चौघांचं कुटुंब. सगळे म्हणतात तिकडे जेवणातच दिवाळं निघतं.

निघू शकतं, पण दिवसाची रचना नीट केली तर नाही. रेस्टॉरंटमध्ये बसून जेवायचं ते दुपारी. बारा ते दीडच्या दरम्यान बऱ्याच ठिकाणी दिवसाचं ठरलेलं मेन्यू असतं, बाहेर फळ्यावर खडूने लिहिलेलं, त्यात सूप किंवा सॅलड आणि मेन डिश, साधारण २० ते २५ फ्रँक. रात्री त्याच रेस्टॉरंटमध्ये तेवढ्यात नुसती मेन डिशसुद्धा कधीकधी मिळत नाही. ऑफिसातली माणसं तिथे जेवतात त्यामुळे दुपारचं हे जेवण ताजं आणि भरपूर असतं, आणि माझं स्पष्ट मत आहे की बजेटवाल्यांनी स्विस जेवणाची खरी चव घ्यायची तर ती दुपारीच.

रात्रीसाठी सुपरमार्केट. मिग्रोस आणि कोप या दोन मोठ्या साखळ्या, गावागावात आहेत, आणि त्यांच्या मोठ्या दुकानांना जोडून सेल्फ-सर्व्हिस रेस्टॉरंट असतं, तिथे वेटर नाही, ट्रे घेऊन फिरायचं, भाज्या-पास्ता-सॅलड स्वतः घ्यायचं. एक टीप, जिथे प्लेटच्या साइजवर किंमत असते तिथे छोटी प्लेट नीट भरून घेणं परवडतं. दुकानात दोन्हीकडचे स्वस्त ब्रँड असतात, एम-बजेट आणि प्री गारांती, दूध-दही-ब्रेड-चीज त्यातलं घ्या, दर्जा चांगला असतो. दुकान बंद व्हायच्या तासभर आधी गेलात तर सॅलडचे डबे, सँडविच, ब्रेड यांवर २५ किंवा ५० टक्के कमीचे स्टिकर लागलेले दिसतात.

पण रविवार लक्षात ठेवा. रविवारी जवळजवळ सगळी दुकानं बंद, शनिवारीही लहान गावात लवकर बंद होतात. मोठ्या रेल्वे स्टेशनमधली दुकानं तेवढी रविवारी उघडी असतात, झुरिक, बर्न, लुझर्न, बाझल इथली. शनिवारी संध्याकाळी दूध-ब्रेड-फळं भरून ठेवा, विशेषतः डोंगरातल्या गावात राहणार असाल तर.

आणि पाणी विकत घेऊ नका. नळाचं पाणी उत्तम आहे, रस्त्यात कारंजी असतात, एकट्या झुरिकमध्ये १२०० च्या वर, बाटली तिथेच भरायची. पिण्याजोगं नसेल तर तशी पाटी लावलेली असते. रेस्टॉरंटमध्ये मात्र नळाच्या पाण्याचेही पैसे लावणाऱ्या जागा आहेत, मागवायच्या आधी मेन्यूत बघा.

दुपारी साडेतीनला डोंगरावरून खाली आलो आणि कुठेच जेवण मिळेना असं मैत्रिणीने सांगितलं. असं का?

किचन बंद असतं म्हणून. दुपारचं जेवण साधारण साडेअकरा-बारा ते दोन, रात्रीचं सहा ते नऊ-साडेनऊ, मधल्या वेळात रेस्टॉरंट उघडं दिसलं तरी कॉफी, केक, फारतर गार सँडविच. रात्री साडेनऊला जेवायला निघायची सवय असेल तर ती सोडावी लागेल, छोट्या गावात तर साडेआठनंतर अवघडच. शिवाय बऱ्याच रेस्टॉरंटची आठवड्यात एक-दोन दिवस सुट्टी असते, बहुतेक सोमवार-मंगळवार. डोंगरावर जाताना पाठीवर थोडं खाणं असू द्या, आणि मोठ्या स्टेशनवरचे स्टॉल मधल्या वेळातही चालू असतात.

टिप किती द्यायची?

सक्तीची नाही. १९७४ पासून सर्व्हिस किमतीतच धरलेली असते. जेवण आवडलं तर रक्कम वर पूर्ण करतात, म्हणजे ४७ झाले तर ५० द्यायचे. कार्ड मशीनवर टिपचे टक्के विचारले तर नाही म्हटलं तरी कोणाला राग येत नाही. बिल मात्र मागितल्याशिवाय येणार नाही, तुम्हाला उठवणं त्यांना असभ्य वाटतं, तेव्हा ट्रेन पकडायची असेल तर वेळेत मागा. युरो काही ठिकाणी घेतात पण सुट्टे फ्रँकमध्ये देतात आणि रेटही बरा नसतो, फ्रँकच ठेवा.

घरून तूप, लाडू, चिवडा नेला तर चालेल का? हॉटेलच्या रूमवर खिचडी लावता येईल का?

चिवडा न्या, लाडू आणि तूप नको. भारतातून दूध, दुधाचे पदार्थ आणि मांस आणायला प्रवाशांना बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, बर्फी, पनीर सगळं त्यात आलं, तुपातला लाडूही घरीच ठेवा. ताजी फळं-भाज्याही सर्टिफिकेटशिवाय चालत नाहीत, त्यामुळे हिरव्या मिरच्या बॅगेत टाकू नका. तांदूळ-डाळ-लोणी तिकडच्या सुपरमार्केटमध्ये मिळतं.

हॉटेलच्या रूममध्ये कुकर किंवा इंडक्शन लावू नका. स्मोक अलार्म असतात, वास राहतो, दंडही लागू शकतो आणि आपल्यामागून येणाऱ्यांना तिथे वेगळी वागणूक मिळते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. वयस्कर माणसं किंवा लहान मुलं सोबत असतील तर सरळ किचनवालं अपार्टमेंट बुक करा. ट्रेनमध्ये आपला डबा खाता येतो, फक्त डायनिंग कारमध्ये नाही. रेस्टॉरंटच्या टेरेसवर, अगदी डोंगरमाथ्यावर असली तरी, स्वतःचा डबा उघडायचा नाही, बाजूला बाकावर बसा.

टूर कंपनी रोज रात्री भारतीय जेवण देणार आहे. जंगफ्राऊवरही भारतीय रेस्टॉरंट आहे म्हणे!

हो, तिथल्या जंगफ्राऊयोख स्टेशनवर, ३४५४ मीटरवर, सीझनमध्ये भारतीय बुफे असतो, गरम भात-डाळ बघून वयस्कर मंडळी खरोखर सुखावतात आणि त्यात काही कमीपणा नाही. पण दहाच्या दहा रात्री तेच खाऊन परत येऊ नका असं मला कळकळीने वाटतं. कंपनीला विचारून एक-दोन दुपारी मोकळ्या मागून घ्या आणि रोश्टी, राक्लेट खा.

चतुर्थी तिकडेच येतेय. उपवासाला काय?

उकडलेले बटाटे, साधं दही, दूध, फळं, आणि उन्हाळ्यात बाजारात मिळणाऱ्या चेरी आणि जर्दाळू, व्हालेचे जर्दाळू तर फारच गोड. फ्रूट योगर्ट घेताना जिलेटिन नाही ना हे बघा. बिर्शरम्यूस्ली फळांची दिसते पण त्यात ओट्स असतात. झुरिकच्या डॉक्टर बिर्शर-बेनर यांनी १९०० च्या सुमारास पेशंटसाठी ती सुरू केली. उपवास सोडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी खा.

मुलाला शेंगदाणे आणि सुक्यामेव्याची ऍलर्जी आहे.

बिनधास्त विचारा, ऍलर्जीची माहिती देणं रेस्टॉरंटला बंधनकारक आहे, तोंडी देतात. सगळ्यात जास्त काळजी चॉकलेट आणि बेकरीत घ्या, हेझलनट आणि बदाम जिथेतिथे असतात, ग्राउब्युंडनचा प्रसिद्ध टार्ट तर अक्रोडानेच भरलेला असतो. मोठ्या माणसांना भेट म्हणून चॉकलेट नेताना किर्श किंवा लिकर भरलेलं नाही ना तेही पाकिटावर बघा. औषध हँडबॅगेत ठेवा.

एकच जेवण जरा भारी करायचंय, बाकी सगळं सुपरमार्केटवर. कुठे करू?

माझी पसंती टिचिनो. लुगानो किंवा लोकार्नोच्या आसपास ग्रोटो म्हणजे गावाकडची साधी रेस्टॉरंटं असतात, चेस्टनटच्या झाडाखाली दगडी टेबलं, मोठ्या तांब्याच्या भांड्यात तासन्‌तास ढवळलेली पोलेंटा, म्हणजे मक्याचं घट्ट पिठलंच म्हणा, त्यावर मश्रूम किंवा चीज, नाहीतर रिसोट्टो, म्हणजे स्टॉकमध्ये शिजवलेला मऊ भात. रिसोट्टोचा स्टॉक शाकाहारी आहे का विचारा. पिणाऱ्यांना तिथली मर्लो वाईन, मुलांना गाझोझा नावाचा लिंबाचा सोडा. झुरिकहून लुगानो ट्रेनने साधारण दोन तास, तेव्हा सकाळी निघून दुपारी जेवून परत येता येतं. फक्त बरेच ग्रोटो थंडीत बंद असतात, साधारण वसंतापासून ऑक्टोबरपर्यंतच चालू, त्यामुळे डिसेंबरात जाणार असाल तर आधी फोन करा, आणि उन्हाळ्यात शनिवार-रविवारी टेबल बुक करूनच निघा.